आधी परवानगी, मग कुलूप

उन्हाळ्याच्या दिवसांत पहाटे साडेतीनला अड्याळमधल्या आमच्या घरी दिवा लागतो. सुरुवातीला शेजारच्या चाचींना वाटले, अब्बांची तब्येत बिघडली असावी. मग कळले की घरातली मुलगी कॉम्प्युटरवर शिकवते. आता कुणी विचारले तर अम्मीच परस्पर सांगून टाकते, "चोर पकडायला शिकवते."

हे उत्तर पूर्ण खरे नाही. मी चोर पकडत नाही, आणि शिकवणारीही मी नव्हे. शिकवणाऱ्याची मदतनीस आहे. सायबर सुरक्षेचा ऑनलाइन वर्ग अमेरिकेत संध्याकाळी सहाला भरतो, तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन झालेले असतात. हिवाळ्यात तिकडची घड्याळे तासभर मागे जातात आणि मला साडेचारपर्यंत झोप मिळते. २०२५ चा रमजान मार्चच्या सुरुवातीला लागला आणि आठवडाभरात तिकडचे घड्याळ पुढे सरकले. एका हाताने सहेरी आणि दुसऱ्या हाताने उत्तरे लिहिणे, असा तो महिना गेला.

शिक्षक बोलत असतात आणि मी लेखी प्रश्नांकडे पाहते. विद्यार्थ्यांना सरावासाठी संगणकाच्या आत दुसरा, आभासी संगणक उघडावा लागतो. तो बिघडला तरी खऱ्या संगणकाला काही होत नाही. अडचणी मात्र तिथूनच सुरू होतात. कुणाच्या लॅपटॉपमध्ये त्यासाठीची सोयच बंद असते, कुणाची मेमरी अपुरी पडते, कुणी आज्ञा टाइप करताना एक जागा सोडायला विसरतो आणि अर्धा तास स्वतःलाच दोष देत बसतो. मोठमोठ्या हल्ल्यांपेक्षा या एका रिकाम्या जागेनेच माझा जास्त वेळ घेतला आहे.

उत्तर सांगून टाकणे सोपे असते, पण तसे करायचे नसते. लहानपणी मकतबमध्ये कायदा वाचताना अडले की आपा अक्षर सांगत नसत. मागच्या ओळीवर बोट ठेवत आणि थांबत. मीही तेच करते. "तिसरी ओळ पुन्हा वाचा," एवढेच लिहिते. पाच मिनिटांनी पलीकडून येते, "सापडले!" त्या आनंदात माझा वाटा नसलेलाच बरा.

हे सारे कशासाठी शिकायचे, असे कुणी विचारले की मी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे उदाहरण देते. ऑगस्ट २०१८ मध्ये ११ आणि १३ तारखेला या बँकेचे सुमारे ९४ कोटी रुपये गेले. त्यातले बहुतेक पैसे बनावट कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून अवघ्या काही तासांत काढले गेले. आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही रक्कम निघाली. उरलेले सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले. पैसे देण्यापूर्वी खात्याची खातरजमा करणारी जी यंत्रणा असते, तिच्या जागी हल्लेखोरांनी आपलीच खोटी यंत्रणा उभी केली होती आणि ती प्रत्येक मागणीला "होय" म्हणत राहिली. तिजोरी न फोडता पैसे गेले ते असे. मोठा हल्ला म्हणजे मोठाच देश, अशी समजूत असलेले परदेशी विद्यार्थी हे ऐकून नकाशात पुणे शोधतात.

या अभ्यासात कुलूप कसे उघडते हे शिकवतातच, त्याशिवाय ते राखता येत नाही. पण पहिला धडा कुलपाचा नसतो, परवानगीचा असतो. कोणते संगणक तपासायचे, कोणत्या तारखांना, किती वाजेपर्यंत, काय सापडले तर कुणाला कळवायचे, हे मालकाकडून लेखी घेतल्याशिवाय एका कळीलाही हात लावायचा नाही. आपल्या देशात विनापरवानगी दुसऱ्याच्या संगणकात शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये येते. ते अप्रामाणिकपणे केले तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मला हा धडा नवा वाटला नाही. दुसऱ्याच्या घरी परवानगी आणि सलामाशिवाय शिरू नये, परत जा म्हटले तर परत फिरावे, ही शिकवण सूरह नूरमध्ये आहे. टेहळणी करण्याची मनाई सूरह हुजुरातमध्ये आहे. मोबाइलही एक घरच आहे, असे मी समजते.

या समजुतीची परीक्षा मात्र वर्गात झाली नाही, घरातच झाली. रोवणीचे दिवस होते. नात्यातले एक गृहस्थ आले, चहा झाला, आणि हळूच म्हणाले, "बेटा, तुला येतेच तर मुलीचे व्हॉट्सअ‍ॅप एकदा उघडून दाखव. ती फोन उशाखाली घेऊन झोपते." मुलगी नागपूरला शिकते, वयाने सज्ञान. मी नाही म्हटले. ते म्हणाले, मी बाप आहे. मी म्हटले, म्हणूनच तुम्ही तिला विचारू शकता, मला लपून पाहायला सांगू नका. ते रागावून उठले. अब्बाही माझ्यावर थोडे नाराज झाले, मोठ्या माणसाला असे बोलतात का म्हणून. त्यांचे म्हणणे अगदीच चूक होते असे मी म्हणणार नाही, नकार अधिक नरमाईने देता आला असता.

दोन आठवड्यांनी त्या मुलीचाच फोन आला. कुणीतरी तिच्या चेहऱ्याचा खोटा फोटो बनवून पैसे मागत होते. वडिलांना कळेल या भीतीने तिने एकदा पैसे पाठवलेही होते. "तुम्ही फोन उघडायला नकार दिला, असे ऐकले. म्हणून तुम्हाला सांगते," ती म्हणाली. मी सांगितले ते असे: आणखी एक रुपयाही देऊ नको, आणि त्याला ब्लॉक करण्याआधी त्याचे संदेश, नंबर, पैसे गेलेल्या खात्याचा तपशील, सगळ्याचे स्क्रीनशॉट ठेव. पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच फोन, जितका लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रियांसंबंधीच्या अशा गुन्ह्याची तक्रार नाव न देताही करता येते. 'स्टॉप एनसीआयआय' नावाची एक मोफत सेवा आहे. ती फोटो मागत नाही, आपल्याच फोनवर त्याचा सांकेतिक ठसा बनवते आणि तो ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो, म्हणजे त्यांच्याकडे तो फोटो चढवला गेला तर ओळखता येतो. शेवटी तिने स्वतःच घरी सांगितले. ठाण्यात तिच्यासोबत तिचे वडीलच गेले.

अनेक भगिनी विचारतात, हे काम कसे मिळते. मला जाहिरातीतून मिळाले नाही. आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएलवरचे अभ्यासक्रम मोफत आहेत, परीक्षेपुरते शुल्क लागते. तिथून सुरुवात केली. मग याच संस्थेचा एक अभ्यासक्रम केला, आणि तो करताना इतर अडलेल्यांना उत्तरे देत राहिले. पुढच्या तुकडीला त्यांनी मलाच मदतीला घेतले. माझे काम बहुतेक लेखी आहे, कॅमेरा लागत नाही. इंग्रजी फाडफाड बोलता आले नाही तरी चालते, पण नेमके लिहिता यावे लागते. लाईन गेली तर इन्व्हर्टर आणि दुसऱ्या कंपनीचे सिम असल्याशिवाय या कामात पडू नये. मोबदला तासावर असतो. तुकडी संपली की पुढची लागेपर्यंत कमाई नाही, भविष्य निर्वाह निधीही नाही. याला पक्की नोकरी समजून कुणी कर्ज काढू नये.

नोंदणीसाठी आधी पैसे मागणारे, टेलिग्रामवर 'टास्क' देऊन पहिल्या दिवशी चारशे रुपये देणारे, किंवा कॉम्प्युटरच्या कामासाठी थायलंडला बोलावणारे, यांच्यापासून मुलांना दूर ठेवा. अशा आमिषाने गेलेली आपल्या देशातली मुले म्यानमार आणि कंबोडियाच्या कुंपणाआड फसवणुकीचे फोन करायला जुंपली गेली आहेत.

त्या मुलीची हकीकत छापायला देण्याआधी तिला वाचायला पाठवली. नाते आणि गाव ओळखू येईल असा एक परिच्छेद तिने काढायला सांगितला. तो काढला आहे.