रजिस्टर तेराचा माग

मानखुर्दला उतरून अणुशक्तीनगरची वाट धरायची, हा ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांचा रोजचा रस्ता. त्यांची मोठी गणितं मात्र १९६४पासून कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या सीडीसी ३६०० यंत्रावर होत. त्या यंत्रात स्टॅक नव्हता. सबरूटीनला कॉल केला की परतीचा पत्ता तिच्याच पहिल्या शब्दात लिहिला जाई. तिने स्वतःलाच पुन्हा कॉल केला तर आधीचा पत्ता पुसला जाई. म्हणून प्रोग्राम कुठून भरकटला हे शोधताना मेमरीच्या ऑक्टल आकड्यांच्या डंपमध्ये आधी हे पहिले शब्द बघावे लागत.

त्याच वर्षी ७ एप्रिलला आयबीएमने सिस्टीम/३६० जाहीर केलं. त्यातही हार्डवेअरचा स्टॅक नव्हता. होता तो फक्त एक संकेत: प्रत्येक प्रोग्रामने १८ शब्दांची, म्हणजे ७२ बाइटची सेव्ह एरिया ठेवायची आणि तिचा पत्ता रजिस्टर १३ मध्ये द्यायचा. ज्याला कॉल केला त्याने कॉल करणाऱ्याची रजिस्टर्स तिथे जपायची आणि मागचा दुवा आपल्या सेव्ह एरियात लिहायचा. हा शिस्तीचा करार इतकी वर्षं टिकला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

१९७८मध्ये आयबीएमने भारतातून काढता पाय घेतला. मेनफ्रेमचं काम नंतर सॉफ्टवेअरच्या निर्यातीतून मोठ्या प्रमाणावर परतलं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी वायटूकेचं काम आलं आणि परदेशातल्या बँका-विमा कंपन्यांचे कोबॉल प्रोग्राम आपल्याकडच्या पोरांनी उलगडले. जॉब ०सी७ने, म्हणजे चुकीच्या आकड्याच्या खुणेने, अबेंड झाला (मध्येच बंद पडला) की बहुतेकदा आकड्याच्या जागी नुसत्या स्पेस, म्हणजे हेक्समधले ४० सापडत. ते सोपं. त्या स्पेस पाठवल्या कोणी, हा खरा प्रश्न. पीएसडब्ल्यूवरून, म्हणजे प्रोग्राम स्टेटस वर्डवरून, थांबलेली जागा कळे. मग रजिस्टर १३ धरून सेव्ह एरिया, तिच्या चौथ्या बाइटपासून मागचा दुवा, बाराव्यापासून परतीचा पत्ता, सोळाव्यापासून कॉल झालेल्या प्रोग्रामचा प्रवेशबिंदू. त्या जागेशी डंपच्या उजव्या रकान्यात बहुधा प्रोग्रामचं नाव दिसे.

सेव्ह एरियांच्या या साखळीची दुखरी बाजू अशी की ती प्रोग्रामच्याच मेमरीत असते. टेबलाची मर्यादा ओलांडून लिहिलं की पुरावाच पुसला जातो. १९८८च्या ईएसए/३७०ने त्यावर लिंकेज स्टॅक आणला. बीएकेआर ही सूचना परतीची स्थिती तिथे ढकलते, पीआर ती परत काढते. नोंद १६८ बाइटची होती, झेड आर्किटेक्चरमध्ये ती २९६ची झाली. साध्या प्रोग्रामला तिथे थेट लिहिता येत नाही, म्हणून तपास करणाऱ्यासाठी सेव्ह एरियापेक्षा हा साक्षीदार मला जास्त भरवशाचा वाटतो. सेव्ह एरियात मागच्या दुव्याच्या जागी 'एफ१एसए' ही अक्षरं दिसली तर पुढचा माग लिंकेज स्टॅकमध्ये घ्यायचा, एवढी खूण ओळखता आली पाहिजे.

आज आयबीएमचं लँग्वेज एन्व्हायर्नमेंट कॉलची यादी छापून देतं. पण तेही साखळीच चालत जातं. साखळी तुटली की यादीही तुटते. अशा वेळी टीसीबीतल्या (टास्क कंट्रोल ब्लॉकमधल्या) पहिल्या सेव्ह एरियाच्या पत्त्यापासून, प्रत्येक सेव्ह एरियातल्या पुढच्या दुव्याने, वरून खाली उतरायचं. हे दुवे जुन्या, केव्हाच संपलेल्या कॉलचे असू शकतात, त्यामुळे प्रत्येक परतीचा पत्ता लोड मॉड्यूलच्या नकाशाशी ताडून बघावा लागतो.