नाव परत मिळावे म्हणून



११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरवर झालेल्या हल्ल्यात २,७५३ माणसे गेली. दर वर्षी त्या दिवशी स्मारकापाशी त्यांची नावे मोठ्याने वाचली जातात. पण त्यांच्यापैकी सुमारे ११०० जणांचा एकही अवशेष अजून ओळखता आलेला नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. यादीत नाव आहे, पण घरच्यांच्या हाती काहीच आलेले नाही. हे ओळखण्याचे काम अजूनही चालू आहे. ते कसे करतात आणि इतक्या वर्षांनी कशासाठी करतात, ते आज पाहू. विषय दुःखाचा आहे खरा. पण त्यात जीवशास्त्र आहे, गणित आहे आणि आमच्या धंद्यातला संगणकही आहे.

पहिला प्रश्न असा, की नुसता चेहरा पाहून का ओळखत नाहीत? मोठ्या अपघातात चेहरा ओळखण्याजोगा राहतोच असे नाही. शिवाय दुःखाने खचलेला माणूस चुकू शकतो. कपडे, घड्याळ, खिशातले पाकीट यांवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण वस्तू एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जाते. म्हणून इंटरपोल ही पोलिसांची आंतरराष्ट्रीय संघटना तीनच खुणा मुख्य मानते: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए.

दातांची गोष्ट तुमच्या इतिहासाच्या पुस्तकाजवळचीच आहे. रात्री घोडा दौडवणारा पॉल रिव्हिअर तुम्हांला माहीत आहे. तो चांदीचा कारागीर होता आणि लोकांना खोटे दातही बसवून देई. त्याचे मित्र डॉ. जोसेफ वॉरन १७७५ मध्ये बंकर हिलच्या लढाईत मारले गेले. पुढच्या वर्षी त्यांचा देह उकरून काढला, तेव्हा रिव्हिअरने आपण तारेने बांधलेला दात पाहून तो ओळखला. बोटांच्या ठशांच्या शास्त्रात आपल्या देशाचा मोठा वाटा आहे. ठशांचे कार्यालय १८९७ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले आणि ठशांचे वर्गीकरण बसवण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस यांनी मोलाचे काम केले.

न्यूयॉर्कमध्ये मात्र दात आणि ठसे पुरले नाहीत. पूर्ण देह तीनशेहूनही कमी मिळाले. बाकी सारे लहान लहान अवशेष, सुमारे २१,९००. म्हणून डीएनएवर भर द्यावा लागला.

आपल्या डीएनएमध्ये काही ठरावीक जागी तीच तीच अक्षरे पुन्हा पुन्हा येतात. किती वेळा येतात, तो आकडा माणसामाणसांत वेगळा असतो. प्रत्येक जागी आपल्याजवळ दोन आकडे असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून. समजा, एका जागी एखादी जोडी दहांपैकी एका माणसात सापडते. तर दोन जागा जुळणारा शंभरात एक, तीन जागा जुळणारा हजारात एक. अशा तेरा जागा जुळल्या, तर दहा लाख कोटींत एक! पृथ्वीवर एवढी माणसेच नाहीत.

हे जुळवायचे कशाशी? घरच्यांनी गेलेल्या माणसाचा टूथब्रश, कंगवा, दाढीचे पाते आणून दिले. आईवडिलांनी, मुलांनी, भावंडांनी गालाच्या आतून कापसाच्या काडीने घेतलेला नमुना दिला. आता गुणाकार करून पाहा. २१,९०० अवशेष आणि २,७५३ माणसे म्हणजे सहा कोटींहून जास्त जोड्या. हाताने हे होणे नाही. म्हणून मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या जीन कोड्स या कंपनीने खास प्रोग्रॅम लिहिला. आमच्या नेहमीच्या कामात चूक सापडली, तर सोमवारी दुरुस्त करता येते. इथे एक जोडी चुकीची लागली, तर एका घरी दुसऱ्याचेच माणूस जाते आणि दुसरे घर वाट पाहतच राहते. म्हणून संगणक फक्त जोडी सुचवतो. कागदपत्रे तपासून निर्णय माणसेच करतात.

आग, पाणी आणि उष्णता यांनी डीएनएचे तुकडे होतात. त्यामुळे २००५ मध्ये काम थांबवावे लागले होते. पण अवशेष वाळवून नीट जपून ठेवले, कारण पुढे चांगली रीत सापडेल असा भरवसा होता. तशी ती सापडली. आता हाड द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून त्याची बारीक पूड करतात आणि पूर्वी हाती न आलेला डीएनए मिळवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी तिघांची ओळख पटली आणि एकूण संख्या १,६५३ झाली.

१२ जून २०२५ ला अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळून २६० माणसे गेली. तिथेही बहुतेकांची ओळख डीएनएनेच पटली, आणि तीही त्याच महिन्यात. तिथे अवशेष ताजे होते आणि प्रवाशांची यादी हाताशी होती. न्यूयॉर्कमध्ये इमारतीत त्या वेळी कोण कोण होते, तेच आधी शोधावे लागले.

मग इतका खटाटोप कशासाठी? देह न मिळाल्यास दर्भाची किंवा पळसाच्या पानांची प्रतिमा करून संस्कार करण्याची सोय आपल्या शास्त्रात आहे. न्यूयॉर्कमध्येही देहाशिवाय मृत्यूचा दाखला देण्याची सोय केली गेली. त्याने कागदोपत्री काम भागते, पण दारावरची थाप ऐकून चमकणे थांबत नाही. काही घरांना प्रत्येक नवा अवशेष सापडल्याचे कळायला हवे असते, तर काहींना जुनी जखम पुन्हा उघडायला नको असते. म्हणून कळवायचे की नाही, हे घरच्यांनाच विचारले जाते. आम्हांला या साऱ्या शास्त्रात ही रीत सर्वांत शहाणपणाची वाटते.

सोडवून पाहा: एका जागी आईचे आकडे १४ व १७, वडिलांचे १५ व १६ आहेत. तीन नमुने मिळाले: (क) १४, १६ (ख) १४, १७ (ग) १५, १७. यांपैकी कोणता नमुना त्यांच्या मुलाचा असू शकत नाही? का? उरलेले दोन एवढ्यावरून त्यांच्याच मुलांचे ठरतात का?

नवे शब्द: अवशेष – मागे उरलेला भाग. नमुना – तपासण्यासाठी घेतलेला थोडा अंश. भिस्त – भरवसा. खटाटोप – पुष्कळ धडपड.