शरभशिल्प

शरभशिल्प : दख्खनमधील किल्ल्यांच्या प्रवेशद्वारांवर कोरलेली काल्पनिक, बहुधा सिंह वा वाघासारख्या श्वापदाची आकृती. शैव पुराणकथेतील शरभ हे नरसिंहाचा उग्रावतार शमविणारे शिवाचे रूप असून दारासुरम् (तमिळनाडू) येथील बाराव्या शतकातील मंदिरात त्याची मूर्ती आहे. किल्ल्यांवरील शरभाजवळ नरसिंह नसतो. पुष्कळदा त्याच्या पंजांत हत्ती असतात. येथे धर्मकथा मागे पडून सत्तेचा दर्प उरला आहे. हत्ती हे सैन्यबळाचे व राजवैभवाचे चिन्ह. ते खेळण्याएवढे लहान दाखविल्याने द्वाराशी येणाऱ्यास स्वामीच्या सामर्थ्याची जरब बसे. जंजिऱ्याच्या शरभाने पंजांत व शेपटीतही हत्ती जखडले आहेत. त्यांतील एकेका हत्तीस एकेका शाहीचे नाव देण्याचा प्रघात आकर्षक असला, तरी तो तर्कच होय.

मार्जारकुलातील पशू सामर्थ्याचे प्रतीक मानण्याची प्रवृत्ती अन्यत्रही दिसते. पेरूमधील प्राचीन चावीन शिल्पांत जॅग्वारसदृश सुळे देवमुखालाच जोडलेले आहेत. दख्खनमध्ये मात्र पशू पशूच राहतो.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील परांडा किल्ल्याशी संबंधित ‘मलिक-इ-मैदान’ या तोफेत हाच आशय धातूत उतरला आहे. अहमदनगरच्या निजामशाहीसाठी महंमद रूमी याने ती १५४९ मध्ये ओतली. तिचे तोंड सिंहमुखाचे असून जबड्यात हत्ती चिरडलेला आहे. पुढे परांड्यावर असलेली ही तोफ आदिलशाही सैन्याने १६३२ मध्ये विजापुरास नेली. तेथील शेरझा बुरुजावर ती आजही आहे.