संगणकातला हमाल आणि मुनीमजींची वही



नागपूरच्या कळमना बाजारात माल आला, म्हणजे अडत्या स्वतः ओझी उचलत नाही. तो हमालाला गोदाम सांगतो आणि आपल्या कामाला लागतो. माल रचून झाला की हमाल येऊन हाक मारतो.

संगणकातही असेच चालते. प्रोसेसर हा अडत्या. डिस्क, स्मृती आणि ध्वनियंत्र यांच्यामध्ये माहिती वाहणारा हमाल वेगळा. त्याला ‘डीएमए’ म्हणतात, म्हणजे स्मृतीशी थेट देवघेव. सीडीच्या दर्जाच्या आवाजासाठी सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. एवढे ओझे प्रोसेसरनेच एकेक करून वाहिले, तर बाकीची कामे केव्हा करावी?

आता दुसरी गोष्ट पाहा. स्मृती नेहमीच तोकडी पडते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली सुरू झालेल्या टिफ्रॅक संगणकाची मुख्य स्मृती अवघी २,०४८ शब्दांची होती. इंग्लंडात मँचेस्टर येथे १९६२ साली सुरू झालेल्या ॲटलास संगणकाने या अडचणीवर तोड काढली. स्मृतीची सारख्या मापाची पाने पाडायची. लागेल ते पान आत आणायचे, नको ते बाहेर ठेवायचे. आजचे संगणकही हेच करतात. पान बहुधा ४,०९६ बाइटांचे असते. प्रोग्राम आपल्या मानलेल्या क्रमांकाने पान मागतो, आणि ते खरोखर कुठे आहे हे संगणकाच्या मुनीमजींच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या, वहीत लिहिलेले असते.

घोटाळा होतो तो इथेच. साध्या हमालापाशी ही वही नसते; त्याला फक्त खऱ्या गोदामाचा नंबर कळतो. समजा, तो सात नंबरात माल रचतो आहे, आणि मुनीमजींनी तेच गोदाम मध्येच दुसऱ्याला देऊन टाकले. हमाल बिचारा रचतच राहील! शाळेच्या गुणपत्रकात भाषणाचे तुकडे जाऊन बसावेत, तसा हा प्रकार; आणि पुष्कळदा कोणाला पत्ताही लागत नाही.

यावर उपाय काय? पहिला उपाय कुलुपाचा. देवघेव संपेपर्यंत ते पान हलवायचे नाही. ॲटलासमध्येही देवघेव चाललेल्या पानाला प्रोग्रामने हात लावू नये, म्हणून खुणेचा एक अंक ठेवलेला होता. पण कुलुपे फार झाली, की इतरांना जागा उरत नाही. दुसरा उपाय चिठ्ठीचा. वहीत शेजारी असलेली पाने प्रत्यक्षात दूरदूर असतात. म्हणून हमालाच्या हाती खऱ्या पत्त्यांची यादी द्यायची. तिसरा उपाय म्हणजे हमालासाठी फाटकावर वेगळी वही ठेवायची. तिला ‘आयओएमएमयू’ म्हणतात. वहीत नोंद नसलेल्या गोदामात हमालाला शिरता येत नाही, म्हणून परक्या यंत्राकडून होणारी चोरीही अडते. तरीसुद्धा कुलूप बहुधा लागतेच. कारण पानच उचलून बाहेर नेले, तर माल ठेवावा कुठे?

गुरुजनहो, वर्गात हे एवढेच सांगा: ज्याच्याकडून काम करून घ्यायचे त्याला खरा पत्ता द्यावा, आणि काम होईपर्यंत तो बदलू नये.