ट्रेलरचे गतिरोधक

ट्रॅक्टर, ट्रक, जीप यांसारख्या वाहनाने ओढल्या जाणाऱ्या व स्वतःची चालकशक्ती नसलेल्या वाहनास ट्रेलर म्हणतात. त्याची गती कमी करणारी, त्यास थांबविणारी व उभे असताना जागच्या जागी रोखून धरणारी यंत्रणा म्हणजे ट्रेलरचे गतिरोधक होत. व्यवहारात ब्रेक हाच शब्द रूढ असून ट्रॅक्टरमागील ट्रेलरला ग्रामीण भागात सर्वत्र ट्रॉली म्हणतात. शेतमाल, ऊस, वाळू, पाण्याच्या टाक्या, यंत्रसामग्री आणि नौका यांच्या वाहतुकीसाठी ट्रेलर वापरतात. ओढणाऱ्या वाहनाची देखभाल सामान्यतः काळजीपूर्वक केली जाते. ट्रेलर मात्र चाकांवरील पेटी समजून दुर्लक्षिला जातो. प्रत्यक्षात भरलेल्या जोडीच्या एकूण वजनाचा मोठा वाटा ट्रेलरमध्ये असल्याने ती थांबेल की नाही, हे मुख्यत्वे त्याच्याच गतिरोधकांवर अवलंबून असते.

गरज : यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागातील महागाव तालुक्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पुसदच्या डोंगराळ भागाला लागून असलेल्या, पूस व पैनगंगा या नद्यांच्या खोऱ्यातील या तालुक्यात कापूस, सोयाबीन व ऊस ही पिके होतात. कापूस सरकी काढण्याच्या कारखान्यांकडे, सोयाबीन बाजार समितीकडे आणि ऊस साखर कारखान्याकडे बव्हंशी ट्रॅक्टर-ट्रॉलीतूनच जातो. शेतातील काळ्या मातीच्या पांदणीवरून निघालेली ट्रॉली चढउतारांच्या रस्त्यांवरून अखेर तालुक्यातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर येते व तेथे तिची गाठ वेगवान वाहनांशी पडते. ऊसतोडणीचा हंगाम हिवाळ्यातला. त्या काळात पहाटेचे दव आणि चाकांबरोबर रस्त्यावर आलेली चिकण माती यांमुळे डांबरी पृष्ठभागही निसरडा होतो.

समजा, दोन टन वजनाचा ट्रॅक्टर, भारासह आठ टन वजनाची चारचाकी ट्रॉली ओढत ताशी २० किमी. वेगाने जात आहे आणि ट्रॉलीला गतिरोधक नाहीत. ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर सु. १.३ टन भार असेल व कोरड्या रस्त्याशी घर्षणांक ०.६ असेल, तर मिळणारे अधिकतम रोधक बल सु. ७.६ किलोन्यूटन भरते. दहा टनांच्या जोडीला त्यापासून दर सेकंदाला प्रतिसेकंद केवळ ०.७६ मी. इतके मंदन मिळते आणि सपाट रस्त्यावर ती थांबण्यास सु. २० मी. अंतर लागते. चालकाला धोका जाणवून त्याने पाय दाबेपर्यंत जो सेकंदभर वेळ जातो, त्यातील साडेपाच मीटर वेगळेच. विसात एक उताराच्या रस्त्यावर गुरुत्वाकर्षणाची उताराच्या दिशेतील ओढ सु. ४.९ किलोन्यूटन असल्याने हेच अंतर सु. ५७ मी. होते. रस्ता ओला होऊन घर्षणांक ०.३ वर आला, तर रोधक बल या ओढीपेक्षाही कमी पडते. अशा वेळी पॅडल कितीही जोराने दाबले, तरी जोडी थांबत नाही; तिचा वेग वाढतच जातो. सर्व चाकांना गतिरोधक असून दर सेकंदाला प्रतिसेकंद ३ मी. मंदन मिळत असेल, तर सपाट रस्त्यावर सु. ५ मी. आणि त्याच कोरड्या उतारावर सु. ६ मी. अंतर पुरते. (या हिशेबात चाकांच्या लोटनरोधाचा विचार केलेला नाही.)

थांबण्याचे अंतर वाढणे हा एकच धोका नव्हे. पुढील वाहन मंदावले असता मागील भार आपल्या संवेगाने त्यास ढकलतो. वळणावर किंवा निसरड्या जागी हा रेटा तिरकस बसला, म्हणजे जोडी सांध्यापाशी अडकित्त्यासारखी दुमडते आणि ट्रॅक्टर उलटण्याचा संभव असतो.

इतिहास : बैलगाडीच्या काळी उतारावर चाकाच्या लोखंडी धावेवर लाकडी ठोकळा दाबून गती आवरीत, उरलेला भार बैलांच्या मानेवर येई. यांत्रिक वाहनांबरोबर पिंपाच्या आत पसरणाऱ्या शूंचा गतिरोधक आला. लुई रेनॉ यांनी १९०२ मध्ये तो प्रचारात आणला. त्याच वर्षी फ्रेडरिक लँचेस्टर यांनी चकती गतिरोधकाचे एकस्व घेतले. जॉर्ज वेस्टिंगहाऊस यांनी रेल्वेसाठी १८६९ मध्ये संपीडित हवेचा व १८७२ मध्ये स्वयंचलित वायवीय गतिरोधक तयार केला. नळीतील दाब घटताच गतिरोधक आपोआप लागावेत, हे त्यातील तत्त्व फार महत्त्वाचे ठरले. डबा सुटला किंवा नळी तुटली, तर यंत्रणा निकामी न होता कार्यान्वित होते. रस्त्यावरील मोठ्या ट्रेलरांच्या आधुनिक वायवीय गतिरोधकांतही हेच तत्त्व वापरलेले आहे.

प्रकार : (१) यांत्रिक गतिरोधकात तरफ, सळई किंवा तारदोर यांच्या साहाय्याने शू पिंपावर दाबले जातात. अनेक ट्रॉल्यांना असा हाताने लावण्याचा गतिरोधक असतो. परंतु चालत्या ट्रॉलीत तो चालकाच्या हाती नसल्याने केवळ उभ्या वाहनासाठी उपयोगी पडतो. (२) रेट्यावर चालणाऱ्या गतिरोधकात जोडदांड्याचा पुढील भाग सरकता असतो. पुढील वाहन मंदावले म्हणजे ट्रेलर पुढे रेटला जातो व त्या रेट्यानेच तरफ ओढली जाते किंवा प्रमुख सिलिंडरातील दट्ट्या दाबला जातो. रचना सोपी व स्वस्त असल्याने हलक्या ट्रेलरांना ती सोयीची असते. मात्र वाहन मागे घेताना गतिरोधक लागू नयेत म्हणून वेगळी अडसर-योजना करावी लागते. (३) द्रवीय गतिरोधक ओढणाऱ्या वाहनाच्या दाबयुक्त द्रवावर चालतात. (४) वायवीय गतिरोधक जड ट्रेलरांना लावतात. त्यांत पुरवठ्याची व नियंत्रणाची अशा दोन नळ्या आणि ट्रेलरवर स्वतंत्र हवाटाकी असते. (५) विद्युत् गतिरोधकात विद्युत् चुंबक फिरत्या पृष्ठाकडे ओढला जाऊन त्याच्या हालचालीने शू पसरतात.

दोष व त्यांची कारणे : गतिरोधक गतिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर करतो. दहा टनांच्या जोडीत ताशी २० किमी. वेगाला सु. १५४ किलोजूल ऊर्जा असते. वेग ३० किमी. झाला की ती सव्वादोन पट होते. लांब उतारावर गतिरोधक सतत दाबून ठेवल्यास अस्तर तापून त्याचे घर्षण कमी होते. पिंप तापून प्रसरण पावल्याने शूला अधिक सरकावे लागते आणि पॅडल खोल जाऊनही पकड येत नाही. इतर नेहमीचे दोष म्हणजे अस्तराची झीज, हबमधील ग्रीज गळून अस्तरावर येणे, शू पसरविणारा कॅम गंजून अडकणे, परत खेचणाऱ्या स्प्रिंगा ढिल्या होणे, नळीत हवा शिरणे व हवाटाकीत पाणी साचणे हे होत. एका बाजूचा गतिरोधक आधी लागत असेल, तर ट्रेलर त्या बाजूस ओढला जातो. प्रवासानंतर एकच हब इतरांपेक्षा बराच गरम लागल्यास तेथील गतिरोधक चिकटलेला किंवा धारवा घट्ट बसलेला असण्याचा संभव असतो. एकच थंड राहिल्यास तो काम करीत नाही असे समजावे.

दुरुस्ती : ट्रेलर रिकामा करून सपाट, टणक जागी उभा करतात. उरलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावून आस भक्कम टेकूवर घेतात; केवळ जॅकच्या आधारावर काम करणे धोक्याचे असते. हब काढल्यावर आतील धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. कारण जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते व त्याचे तंतू फुप्फुसांस घातक असतात. रिव्हेटचे डोके पिंपाला लागण्यापूर्वीच अस्तर बदलावे लागते. तेलकट झालेले अस्तर धुऊन वापरीत नाहीत. ते बदलून गळके तेलरोधक कडेही नवे बसवितात. एका आसाच्या दोन्ही चाकांचे अस्तर नेहमी एकाच वेळी व एकाच प्रकारचे घालतात. पिंपावर चरे पडले असल्यास ते लेथवर कातून घेता येते. परंतु निर्मात्याने ठरविलेल्या अधिकतम व्यासापलीकडे गेलेले पिंप टाकून द्यावे लागते.

जुळणीनंतर चाक हाताने फिरवीत, अस्तर पिंपाला किंचित घासेपर्यंत समायोजक आवळतात व चाक मोकळे फिरेल इतका सैल करतात. कॅमची तरफ व तिला ढकलणारा दांडा यांत गतिरोधक पूर्ण लागला असता सु. काटकोन असावा, त्यात फार फरक पडल्यास बल वाया जाते. द्रवीय यंत्रणेतील हवा बहुधा सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करून काढतात. ग्लायकॉलयुक्त गतिरोधक द्रव हवेतील ओलावा शोषतो व त्यामुळे त्याचा उकळबिंदू उतरतो. म्हणून तो ठराविक काळाने बदलतात. अशा द्रवासाठी बनविलेल्या यंत्रणेत खनिज तेल घातल्यास रबरी भाग फुगून ती निकामी होते. वायवीय यंत्रणेतील टाकीचे पाणी नियमितपणे काढावे लागते.

सुधारणा : पुष्कळ ट्रॉल्या स्थानिक कार्यशाळांत तयार होतात. त्यांना नंतर गतिरोधक बसविताना आस, हब व चौकट हे वाढीव बल सोसू शकतात काय, हे आधी पाहावे लागते. आठ टनांच्या ट्रॉलीला वरीलप्रमाणे ३ मी. मंदन देण्यासाठी एकूण २४ किलोन्यूटन, म्हणजे चार चाकांत प्रत्येकी ६ किलोन्यूटन बल लागते. चाकाची त्रिज्या ०.४५ मी. धरल्यास प्रत्येक गतिरोधकाने २.७ किलोन्यूटन-मीटर परिबल निर्माण केले पाहिजे. आसावर ओबडधोबड जोडकाम करून बसविलेली आधारपट्टी हे परिबल पेलू शकत नाही व ऐन वेळी तुटते. ट्रेलरचे गतिरोधक ट्रॅक्टरच्या बरोबर किंवा किंचित आधी लागावेत. उशिरा लागल्यास दुमडण्याचा धोका कायम राहतो. मुख्य जोडणी सुटली तर गतिरोधक आपोआप लावणारी योजना आणि सुरक्षा-साखळी यांचीही जोड द्यावी लागते. नवी यंत्रणा प्रथम रिकाम्या व नंतर भरलेल्या ट्रॉलीवर, मोकळ्या जागी, कमी वेगाने तपासतात.

नौकावाहक ट्रेलर : या ट्रेलरची चाके नौका सोडताना व काढताना पाण्यात बुडत असल्याने त्यांच्या गतिरोधकांचा मुख्य शत्रू गंज हा होय, खाऱ्या पाण्यात तो झपाट्याने वाढतो. पिंपात शिरलेले पाणी व गाळ सहज निघत नाहीत. त्यामुळे अशा ट्रेलरांत सुधारणा करताना पिंपाऐवजी उघडी, गंजरोधक चकती अनेकदा पसंत केली जाते. प्रवासाने तापलेला हब एकदम थंड पाण्यात बुडाला, तर आतील हवा आकुंचन पावून पाणी आत ओढले जाते व धारव्याचे ग्रीज खराब होते. म्हणून तो थंड होऊ देऊन मगच ट्रेलर पाण्यात उतरवितात आणि वापरानंतर गतिरोधक गोड्या पाण्याने धुतात.

कायदा व वापर : भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये ट्रेलरची स्वतंत्र व्याख्या असून गतिरोधकांविषयीच्या तरतुदी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत आहेत. नोंदणीतील तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करण्यास या अधिनियमाने निर्बंध घातल्यामुळे मोठी सुधारणा करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाशी संपर्क साधणे इष्ट असते.

उत्तम यंत्रणाही चुकीच्या वापराने निष्फळ ठरते. शेतात लहान वळण घेता यावे म्हणून ट्रॅक्टरच्या डाव्या व उजव्या चाकांसाठी दोन स्वतंत्र पॅडले असतात. रस्त्यावर येण्यापूर्वी ती खिळीने एकत्र जोडली नाहीत, तर एकाच बाजूस झटका बसून ट्रॅक्टर उलटू शकतो. उताराला लागण्यापूर्वीच खालचा गिअर घ्यावा, म्हणजे एंजिनाचा रोध गतिरोधकांच्या मदतीस येतो. इंधन वाचविण्यासाठी गिअर काढून उतरणे सर्वांत घातक असते, कारण त्यामुळे ही मदत पूर्णपणे नाहीशी होते. हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा हब उघडून केलेली तपासणी आणि दररोज निघताना काही पावले चालवून घेतलेली गतिरोधकांची चाचणी, या दोन सवयींनी बहुतेक दोष अपघात होण्यापूर्वीच लक्षात येतात.