कर्णावरचं चिन्ह

स्कॅनरमध्ये पडलेल्या माणसाला हलणारे ठिपके दाखवायचे. काही वेळ नुसतं बघ म्हणायचं, काही वेळ वेगात फरक पडतो का ते टिपायला सांगायचं. (फरक पडतच नसतो, त्याने लक्ष द्यावं, एवढंच हवं असतं.) ब्यूशेल आणि फ्रिस्टन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगातले ३६० स्कॅन आजही लंडनच्या ‘एसपीएम’ प्रणालीवर डायनॅमिक कॉझल मॉडेलिंग, म्हणजे मेंदूचा एक भाग दुसऱ्यावर कसा परिणाम करतो ते मांडणारं गणित, शिकणाऱ्यांना सरावासाठी मिळतात. मॉडेल साधं: दृष्टीचा प्राथमिक भाग व्ही-वन, गती ओळखणारा व्ही-फाइव्ह आणि वरचा पार्श्विक भाग अशी तीन वर्तुळं, त्यांच्यामध्ये बाण.

गणित संपलं की मी आधी मॉडेलची रेष मोजलेल्या सिग्नलवर बसते का ते बघते. ती सपाटच आली असेल तर पुढचे आकडे वाचण्यात अर्थ नाही.

मग जोडण्यांचा तक्ता. स्तंभ म्हणजे ‘कुठून’, ओळ म्हणजे ‘कुठे’. समजा, व्ही-वनकडून व्ही-फाइव्हकडे ०.४ आलं. एकक हर्ट्झ, पण पेशी किती वेळा पेटतात याच्याशी त्याचा संबंध नाही. व्ही-वनमधल्या हालचालीमुळे व्ही-फाइव्हमधली हालचाल किती वेगाने बदलते, तो हा दर. सहसंबंधासारखी एकची मर्यादा त्याला नाही. बाण आहे म्हणून थेट तंतू असेलच असंही नाही. वाट मॉडेलबाहेरच्या भागातून गेलेली असू शकते. उणे चिन्हाचंही तसंच. मेंदूच्या बाह्यकातले लांब पल्ल्याचे तंतू बहुतेक उत्तेजकच असतात, दडपण येतं ते पोहोचल्या जागच्या छोट्या पेशींमार्फत.

खरी गंमत कर्णावर, म्हणजे प्रत्येक भागाच्या स्वतःशी असलेल्या जोडणीत. हे आकडे हर्ट्झमध्ये नसतातच, लॉगच्या पट्टीवर असतात. शून्य दिसलं तर प्रत्यक्ष दर उणे ०.५ हर्ट्झ. ०.३ दिसलं तर साधारण उणे ०.६७, म्हणजे दडपण वाढलं, भाग लवकर शांत झाला. उणे ०.३ दिसलं तर उणे ०.३७, दडपण सैल, बाहेरून आलेल्या संदेशाला तो भाग जास्त दाद देतो. कर्णाबाहेर अधिक म्हणजे उत्तेजन आणि कर्णावर अधिक म्हणजे जास्त दडपण! सादरीकरणात कुणी हे उलटं सांगितलं, की सगळी चर्चाच उलट्या दिशेने जाते, आणि आलेख इतके देखणे असतात की कुणी अडवत नाही.

लक्ष देण्याचा परिणाम वेगळ्या तक्त्यात येतो. तिथे व्ही-वनकडून व्ही-फाइव्हकडे ०.३ असेल तर लक्ष असताना ती जोडणी ०.७ होते, हा हिशेब सोपा वाटतो. पण इनपुटमधून सरासरी वजा केली असेल तर मूळचं ०.४ हे ‘लक्ष नसताना’चं राहत नाही, ते अख्ख्या प्रयोगाचं सरासरी बळ होतं. आकडा तसाच दिसतो. म्हणून निष्कर्षाचं वाक्य लिहिण्याआधी मी ती एक सेटिंग उघडून बघते.