पिस्तुलाचा नेम आणि गुरूचा हात

पॅरिस येथें २०२४ सालीं भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत मनू भाकर यांनीं १० मीटर एअर पिस्तुलांत दोन कांस्यपदकें मिळविलीं. एक एकटीनें व दुसरें सरबज्योत सिंग यांच्या जोडीनें. तेव्हांपासून गांधीबागेंतील आमच्या विद्यार्थ्यांच्या मनांत नेमबाजीनें घर केलें आहे. वर्गांत फूटपट्टीनें नेम धरणारे महाभाग आम्ही रोज पाहतों. त्यांचे पालक भेटले म्हणजे दोन प्रश्न हटकून विचारतात: हें शिकणें धोक्याचें नाहीं ना? आणि चित्रफिती पाहून घरच्या घरीं तें शिकतां येईल काय? दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर आम्ही आधीं देतों, कारण पहिल्याचें उत्तर त्याच्याच पोटांत आहे.

नेम डोळ्यानें साधतो असा सर्वत्र समज आहे. तो अर्धाच खरा. १० मीटर अंतरावरील निशाणाच्या मधोमध दहा गुणांचें जें वर्तुळ असतें त्याचा व्यास अवघा ११.५ मिलिमीटर, म्हणजे सदऱ्याच्या बटणाएवढा. आमच्या कापडबाजारांत वाढलेल्या मुलांस याहून निराळी उपमा नको! पिस्तूल एकाच हातानें, कशाचाही टेकू न घेतां धरावयाचें, आणि पाऊण तास अधिक अर्धा तास, म्हणजे ७५ मिनिटांत, ६० वेळां झाडावयाचें. इतका वेळ हात मुळींच कांपणार नाहीं असा मनुष्य जगांत नाहीं. पदकविजेत्यांचाही हात कांपतो.

मग त्यांचा छर्रा बटणांत कसा बसतो? पिस्तुलाच्या पुढच्या टोंकावर एक लहान उंचवटा असतो. त्यास माशी म्हणतात. मागच्या बाजूस खांच असते. माशी खांचेच्या बरोबर मध्यें व दोहोंचे माथे एका रेषेंत, ही नेमाची पहिली अट. आतां थोडें गणित करूं. माशी व खांच यांत सुमारें ३३ सेंटिमीटर अंतर आहे असें धरा. हात, मनगट व पिस्तूल सारें एकत्र एक मिलिमीटर बाजूस सरकलें, तर छर्राही एकच मिलिमीटर सरकेल. परंतु मनगट किंचित् वळून माशी खांचेंतून एक मिलिमीटर ढळली, तर १० मीटरांवर ती चूक तीसपट होऊन छर्रा तीन सेंटिमीटर दूर जाईल, आणि दहाचे सात होतील. सारांश, हाताचें डोलणें क्षम्य आहे, मनगटाचें वळणें नाहीं. म्हणून जाणता नेमबाज निशाणाकडे टक लावीत नाहीं. त्याची दृष्टि माशीवर असते व निशाण त्यास अंधुक दिसतें. विद्यार्थ्यांनीं खिडकींत उभे राहून, हात लांब करून अंगठा धरावा व समोरच्या दुकानाची पाटी वाचावी. पाटी स्पष्ट झाली कीं अंगठा पुसट होतो. डोळ्यास एका वेळीं एकच अंतर स्पष्ट दिसतें, आणि नवशिका नेमकें चुकीचें अंतर निवडतो.

येथपर्यंतचें सर्व पुस्तकांतून शिकतां येईल. खरी अडचण चापाची आहे. एअर पिस्तुलाचा चाप किमान ५०० ग्रॅम जोर लावल्यावांचून सुटूं नये असा नियम आहे. २५ मीटरच्या पिस्तुलास हा जोर किमान एक किलो लागतो. बोटानें तो जोर सरळ मागें, वाढत्या परंतु सारख्या गतीनें द्यावयाचा असतो. नवशिक्यास माशी क्षणभर जागेवर दिसते, त्यास वाटतें आतांच! आणि तो चाप हिसकतो. त्यासरशी मनगट खालीं झुकतें. उजव्या हाताचा शिकाऊ असल्यास छर्रे बहुधा डावीकडे खालीं जातात. गंमत अशी कीं, हें त्याचें त्यास दिसत नाहीं. त्या क्षणीं त्याची पापणी मिटलेली असते, आणि झाडल्याचा धक्का सर्व पुरावा पुसून टाकतो. तो शपथेवर सांगेल कीं माझा हात हलला नाहीं.

येथें शिक्षक लागतो, आणि तोही बोलणारा नव्हे तर हात लावणारा. काडतुसाच्या पिस्तुलांत गुरु शिष्याच्या नकळत मधूनच एक नकली काडतूस भरतो. शिष्य चाप ओढतो, बार होत नाहीं, धक्काही बसत नाहीं. आणि तरीही नळीचें टोंक खाडकन् खालीं गेलेलें त्यास स्वतःच्या डोळ्यांनीं दिसतें. शंभर उपदेशांचें काम तें एक नकली काडतूस करतें. दुसरी रीत याहून सुंदर आहे. शिष्यानें फक्त माशी खांचेंत राखावयाची. चाप बाजूला उभा राहून गुरु दाबतो. छर्रे जवळजवळ पडतात आणि शिष्य चकित होतो. कांपणारा तोच हात होता. अपराधी निराळेंच बोट होतें. पुढें शिष्याचें बोट गुरूच्या बोटावर ठेवतात, म्हणजे दाब कसा चढतो तें त्यास कळतें. त्यानंतर शिष्याच्या बोटावर गुरूचें. "हळू दाब" असें कितीही वेळां सांगितलें तरी हळू म्हणजे किती हें शब्दांनीं कळत नाहीं. पूर्वी धूळपाटीवर पंतोजी मुलाचें बोट धरून अक्षर गिरवून घेत. ही रीत त्याच जातीची आहे.

ज्ञान डोळ्यांत नसून हातांत असतें याचें उदाहरण हंगेरीच्या कारोली टाकाच यांचें आहे. १९३८ सालीं हातबाँब फुटून या सैनिकाचा उजवा हात निकामी झाला. नेमबाजीचें सारें शास्त्र ठाऊक असूनही त्यांना डाव्या हातास पहिल्या धड्यापासून शिकवावें लागलें. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें व पुन्हां १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्याच डाव्या हातानें त्यांनीं जलद पिस्तुलाचें सुवर्णपदक जिंकलें.

आणि शिक्षक केवळ नवशिक्यांसच लागतो असेंही नाहीं. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २०१३ सालीं चांगवान येथील विश्वचषक स्पर्धेंत २५ मीटर पिस्तुलाचें सुवर्णपदक मिळविलें होतें. पुढें कोपराच्या दुखापतीनें त्या मागें पडल्या. तेव्हां त्यांनीं मुंखबायर दोर्जसुरेन यांचें शिष्यत्व पत्करलें. या बाईंनीं स्वतः १९९२ व २००८ च्या ऑलिंपिकमध्यें याच प्रकारांत कांस्यपदकें मिळविलेलीं. या प्रकाराच्या जलद भागांत निशाण तीनच सेकंद खुलें राहतें. तेवढ्यांत खालीं धरलेला हात उचलून, माशी खांचेंत आणून, चाप न हिसकतां दाबावयाचा! २०१८ च्या आशियाई सामन्यांत पालेंबांग येथें राही व थायलंडच्या खेळाडू यांचे समान ३४ गुण झाले. पहिल्या जादा फेरींतही बरोबरी झाली. दुसऱ्या फेरींत राही जिंकल्या.

आतां पालकांचा पहिला प्रश्न. पिस्तूल हें खेळणें नव्हे, आणि घरीं एकट्यानें शिकण्याची वस्तु तर नव्हेच. आपल्या कायद्यानें २१ वर्षांखालील व्यक्तीस शस्त्राचा परवाना मिळत नाहीं. मुलांनीं सराव करावयाचा तो विहित अटींनीं, प्रशिक्षकाच्या देखरेखीखालींच. नळी सदैव निशाणाकडे, हत्यार सदैव भरलेलेंच आहे असें समजणें, आणि नेम धरीपर्यंत बोट चापाबाहेर, हे नियम फलकावर लिहून अंगीं बाणत नाहींत. बोट चापाकडे सरकलें कीं जो तत्क्षणीं मनगट धरतो, तो मनुष्य शेजारीं असावा लागतो. ज्या मैदानावर एका शिक्षकामागें मुलांची गर्दी असेल तेथें, नांव कितीही मोठें असो, आम्ही आपलें मूल पाठविणार नाहीं.

चांगला शिक्षक पहिले कित्येक दिवस छर्रा देतच नाहीं. आपल्या नजरेखालीं, रिकाम्या पिस्तुलानें, कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर नुसता चाप दाबवून घेतो. मुलें कंटाळतात, आणि पैसे फुकट गेले असें पालकांस वाटतें. अशा वेळीं पालकांनीं शिक्षकाच्या परवानगीनें मागें उभें राहून नळीच्या टोंकाकडे पाहावें. चाप सुटतांना तें टोंक जागचें हललें नाहीं, तर त्या दिवसाचें शुल्क वसूल झालें.